काळ्या कापडाची खोळ

६ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार-चमत्कार सगळं मागाहून. तुम्ही आत्या झालात. हे लिहिताना मला आनंद होतोय की धडकी भरतेय, माझं मलाच कळत नाहीये. तुमच्या भावाने फोनवर सांगितलं असेलच, पण तो काय सांगणार? दोन दिवस त्याच्या तोंडून 'हं' आणि 'बरं' याच्यापलीकडे काही निघालेलं नाही. मी फोन हातात घेतला की नुसती रडते. म्हणून तुम्ही म्हणालात, लिही. तर लिहितेय. इथे आत मोबाईल नेऊ देत नाहीत, कागद चालतो. मी लिहिते, हा बाहेर जाऊन फोटो काढून तुम्हाला पाठवतो. तुम्हीही हातानेच लिहा, मला तुमचं अक्षर बघायचंय. आणि 'ताई' म्हण म्हणून कितीही सांगितलंत तरी मी वन्संच म्हणणार, त्यात भांडायला जरा जागा राहते.

मी दुकानात मशीनवर बसले होते, पडद्यांना चुण्या घालत. अजून तीन महिने होते हो. पाठीत कळ आली, मी म्हटलं बसून बसून आली असेल. दुपारी दवाखान्यात पोहोचले आणि संध्याकाळच्या आत तो बाहेर. डॉक्टर हातमोजे चढवतायत तोवर हा हजर. मी त्याला आगाऊ म्हणते. कुणी हसत नाही.

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून दाखवायला नेलं. काचेच्या पेटीत काहीतरी होतं. मी म्हटलं, हे कुणाचं? सिस्टर म्हणाली, तुमचंच. वन्संऽ, ज्या भावाला तुम्ही अजून ढमू म्हणता, त्याचं हे पोर माझ्या पंजावर मावेल आणि वर बोटं उरतील. कातडी ओल्या टिश्यू पेपरसारखी. नाकात नळी. टाळू धडधडते ती डोळ्यांना दिसते. आणि कपाळावर एक काळी पट्टी चिकटवलेली. पट्टीतून वायर निघून ट्रॉलीवरच्या यंत्रात गेलेली. मी ढमूला विचारलं, हे काय? तर म्हणतो, ताईचं यंत्र आहे ते.

तुमचं? तुम्ही कंपनीत काहीतरी तपासता एवढंच मला आजवर माहीत. तुमचं यंत्र माझ्या पोराच्या डोक्यात काय करतंय? लगेच लिहा.

तुमची भावजय

•

७ फेब्रुवारी

टेलरबाई,

पहिलं वाक्य हेच: ती पट्टी त्याला दुखवत नाही. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

पट्टीत बारीक दिवे आहेत आणि उजेड टिपणारे दोन ठिपके आहेत. तू मुठीत टॉर्च धरलीस की बोटं लाल दिसतात ना, तेवढीच ही करामत. दिव्यांचा उजेड कातडीतून, हाडातून मेंदूपर्यंत जातो आणि थोडा परत येतो. ऑक्सिजन घेऊन निघालेलं रक्त लालभडक असतं, देऊन आलेलं काळसर. परत आलेल्या उजेडावरून यंत्र एक आकडा काढतं, की मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे. सुई नाही, टोचणं नाही, औषध नाही. तुझ्या पोराला याचा पत्ताही लागत नाही.

आता हे कशाला, ते सांगते. तू आणि मी पटकन उठून उभ्या राहिलो तर शरीर आपोआप सांभाळून घेतं, मेंदूला रक्त कमी पडू देत नाही आणि जास्तही जाऊ देत नाही. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला ते जमत नाही. कधी रक्त कमी पडतं, कधी एकदम लोंढा येतो. मेंदूतल्या रक्ताच्या नळ्या कोवळ्या, एखादी फुटली तर डोक्यात रक्तस्राव. म्हणून लक्ष ठेवायचं. डॉक्टर अधूनमधून टाळूवर सोनोग्राफीही करतील, तेही न टोचता. घाबरू नकोस.

यंत्र नवीन आहे. त्याचा खरंच किती उपयोग होतो, यावर कितीतरी दवाखान्यांमध्ये अभ्यास चाललाय, त्यातला एक तुमचा. डॉक्टरांनी ढमूला समजावलं, त्याने होकार दिला, हे मला त्याच्याकडूनच कळलं. एवढी वर्षं मी त्या पट्ट्या तपासतेय. कुणाकुणाच्या कपाळावर त्या गेल्या असतील, कधी विचार केला नाही. काल तुझं पत्र वाचलं आणि टेबलावरच्या पट्टीला हात लावायचा धीर होईना.

मला इथून लगेच निघता येत नाही. पण मी तिथे नसले तरी माझं यंत्र आहे, असं समज आणि जरा झोप.

आगाऊ नाव मला आवडलं. मी हसले, बघ.

ताई

•

१० फेब्रुवारी

वन्सं,

झोपले. तुमचं ऐकून काल घरी जाऊन जी पडले ती उठले तेव्हा ढमू माझ्या नाकाशी बोट धरून बघत होता, श्वास चाललाय का म्हणून. आधी दोन दिवस त्या पेटीपाशी बसून माझे डोळे फुटायची वेळ आली होती. आता म्हटलं, वन्संचं यंत्र उशाशी बसलंय, ते काय झोपतंय होय? माझ्यापेक्षा ते हुशार.

आणि ऐका, मी तुमच्या यंत्राला कपडे शिवलेत.

झालं काय, तुमच्या यंत्राच्या स्क्रीनवर कुठल्यातरी जुन्या चादरीचा तुकडा डकवलेला होता. चिकटपट्टीने, एक कोपरा सुटून लोंबतोय. इथे पेट्यांवर कापड टाकायची पद्धत आहे, पोरांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. तेव्हा स्क्रीनचा उजेडही नको, हे मला पटलं. पण काय ते लक्तर! मी आयुष्य घातलंय लोकांच्या खिडक्या झाकण्यात. माझ्याच पोराच्या उशाशी असं काही लोंबताना मी बघून घेईन? वितीने माप घेतलं, दुकानात गेले, हॉटेलच्या पडद्यांना लावतो ते उजेड अडवणारं काळं अस्तर काढलं आणि झकास खोळ शिवली. खालून इलॅस्टिक, मागे वायरीला खाच, शिवण आतल्या बाजूला. धुऊन, इस्त्री करून नेली. सूर्य आणून आत ठेवला तरी बाहेर दिसायचा नाही. मोठ्या सिस्टरनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बरं केलंत हो, ती चादर सारखी सुटायची. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत असं इथे सगळे म्हणतात.

मग काय, आणखी दोन बाळांच्या यंत्रांवर असंच फडकं होतं, त्यांनाही शिवून दिल्या. एका आईने तर माझा हातच धरला. पलीकडच्या ओळीत मात्र तीन यंत्रं उघडीच आहेत. आकडे सारखे लुकलुकत असतात बिचाऱ्यांच्या डोळ्यांवर. मी म्हटलं, यांनाही शिवते, कापड पुष्कळ उरलंय. तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, त्यांना नको, आणि औषधांची ट्रॉली ढकलत चालत्या झाल्या. आता यात भेदभाव कशाला, तुम्हीच सांगा. मी जरा फुरंगटलेच.

आगाऊने आज माझं बोट धरलं. धरलं म्हणजे काय, त्याची मूठ माझ्या करंगळीच्या टोकाला टेकली. मी अर्धा तास हात हलवला नाही, खांदा अजून दुखतोय.

तुमची भावजय

•

११ फेब्रुवारी

प्रिय टेलरबाई,

पत्र मिळालं. खोळ छान झाली असणार, तुझ्या हातची म्हणजे.

आता आणखी खोळी शिवू नकोस. बाळंतीण आहेस, कंबरेला जप.

एक सांगू का, झोप जरूर, पण दिवसा शक्य तितकं त्याच्यापाशी बस. त्याचा रंग बघत जा, श्वास बघत जा. मलूल वाटला, हातपाय ताठ केले, काही वेगळं वाटलं तर सिस्टरना हाक मार, भिडस्तपणा करू नकोस. यंत्र यंत्राच्या जागी. आईचं लक्ष ते आईचं लक्ष.

टाळूवरची सोनोग्राफी पुन्हा कधी आहे ते विचारून कळव. विसरू नकोस.

इथे काम फार आहे, म्हणून थोडक्यात.

ताई

•

१३ फेब्रुवारी

वन्सं,

त्याच्या डोक्यात रक्तस्राव झालाय.

सकाळी डॉक्टरीणबाई टाळूवर सोनोग्राफी करत होत्या. नेहमी झटपट होते. आज त्या थांबल्या, पुन्हा फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग मला खुर्ची दिली. दवाखान्यात खुर्ची दिली की समजायचं. म्हणाल्या, आत एका बाजूला रक्त दिसतंय, मध्यम आहे. वन्सं, चहा मध्यम असतो. कपड्याचं माप मध्यम असतं. पुढे काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, डोक्यात पाणी साठतंय का ते बघत राहायचं, एका बाजूचे हातपाय मागे पडू शकतात किंवा काहीच होणार नाही, असं सगळं त्या सांगत होत्या आणि मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

मग मी म्हटलं, यंत्राने काय सांगितलं? आधी आकडा खाली आला असेल ना? मला वाटलं, आता त्या सांगतील की आला होता, आम्ही हे केलं, ते केलं. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं बाळ झाकलेल्या गटात आहे. त्याचे आकडे आम्ही बघत नाही. आम्हाला दिसू नयेत म्हणूनच तो स्क्रीन झाकलाय."

मला आधी कळलंच नाही. दोनदा विचारलं. चिठ्ठी टाकल्यासारखं करून ठरवतात म्हणे. निम्म्या बाळांचं यंत्र उघडं, त्यांचे आकडे बघून डॉक्टर इलाज करतात. निम्म्यांचं झाकलेलं. आकडे आत साठत राहतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शेवटी कुठली बाळं बरी निघाली ते ताडून बघायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाकी सगळं लक्ष, सगळे इलाज दोघांना सारखेच. असतील.

मोठ्या सिस्टर शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे आणि मी समजून उमजून खोळ शिवली. "एवढी समजूतदार आई मी बघितली नव्हती हो," म्हणाल्या. आणि ढमूला विचारलं तर तो म्हणतो, सांगितलं होतं डॉक्टरांनी, तू आत कळा देत होतीस तेव्हा. त्याच्या कानात शिरलं फक्त 'सुई नाही' आणि 'ताईच्या कंपनीचं'.

वन्सं, त्या चादरीचा निदान एक कोपरा सुटलेला होता. येता-जाता कुणाची तरी नजर पडली असती. मी इलॅस्टिक लावलं.

तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिहा.

•

१४ फेब्रुवारी

हो.

तू एवढंच मागितलंस, पण मला पुढे लिहू दे. वाचायचं नसेल तर फाडून टाक.

पहिल्या पत्राच्या वेळी माहीत नव्हतं की तो कुठल्या गटात आहे. तुझं खोळीचं पत्र आलं तेव्हा कळलं. मी जेवायला बसले होते, डबा तसाच उघडा राहिला. तू लिहिलं होतंस, यंत्र उशाशी आहे म्हणून मी झोपले. ते मीच तुला सांगितलं होतं. आणि मग मी कागद घेतला आणि लिहिलं, खोळ छान झाली असणार.

का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू धावत जाऊन ती काढली असतीस. तसं एकेका आईने केलं तर अभ्यास मोडतो. नातलगाला आतली गोष्ट सांगायची नाही, हा आमचा नियम आहे. ही झाली सांगायची कारणं. खरं असं की मला तुझी भीती वाटली. तुझी झोप मीच दिली होती, ती मीच कशी काढून घेऊ?

आणखी एक तू दुसऱ्याकडून ऐकू नयेस. निम्मे स्क्रीन झाकलेच पाहिजेत, असा हट्ट या अभ्यासाच्या पहिल्या बैठकीत धरणारी मीच होते. काही डॉक्टर म्हणत होते, सगळेच उघडे ठेवू, बघितल्याने काय बिघडतं? मी उठून बोलले. पूर्वी अशाच लवकर आलेल्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायचे, सगळ्यांना वाटायचं याहून चांगलं काय असणार, आणि त्यापायी कितीतरी पोरांचे डोळे गेले. निम्म्या बाळांना कमी देऊन बघितलं तेव्हा कुठे ते उघडकीला आलं. आकडा बघून डॉक्टर काहीतरी करणारच. ते केल्याने बाळाचं भलं होतं की वाईट, हे झाकल्याशिवाय कळणार नाही. हे सगळं मला आजही खरं वाटतं. पण त्या दिवशी मी ते किती थंडपणे बोलले, चहाचा कप हातात घेऊन. ती दुसऱ्यांची पोरं होती.

तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी वाचेन.

ताई

•

१७ फेब्रुवारी

वन्सं,

शिव्या शोधायला तीन दिवस लागले आणि एकही पुरेशी वाटेना. तुमचा भाऊ तुमची बाजूही घेत नाही आणि माझीही घेत नाही, पेटीपाशी उभा राहून काचेवरचे डाग पुसत असतो.

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी आत गेले आणि ती खोळ ओढून काढली. सगळ्यांच्या देखत. कुणी अडवलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, तुमचा हक्क आहे, बाळ अभ्यासातून बाहेर निघेल एवढंच. मी म्हटलं, निघू दे.

मग मी त्या आकड्याकडे बघत बसले. वर जातो, खाली येतो. खाली आला की माझा जीव कासावीस. मी ओरडले, बघा, खाली गेला. डॉक्टरीणबाई आल्या, बाळाकडे बघितलं, डोकं जरा सरळ केलं, उभ्या राहिल्या. आकडा आपला वर आला. मी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, फारसं काही नाही. मग म्हणाल्या, "खरं सांगू? कधी आम्ही काही करतो, कधी थांबतो. केव्हा काय करावं हे आम्हालाच पक्कं माहीत नाही. म्हणून तर हे चाललंय." इतके दिवस मला वाटत होतं की झाकणाखाली उत्तर आहे. दिवसभर तो आकडा बघितला आणि घरी गेले तर भिंतीवरही तोच दिसत होता.

माझ्या आरडाओरड्यानंतर त्यांनी सगळ्या आयाबापांना पुन्हा बसवून सगळं सांगितलं. मी ज्या दोघींना खोळी दिल्या त्यातल्या एकीने काढून माझ्या हातात दिली. दुसरीने ठेवली. म्हणाली, माझी पोरगी बरी आहे, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. मला तिचा रागच आला. का आला ते सांगता येणार नाही.

रोज त्याच्या डोक्याचा घेर टेपने मोजतात, पाणी साठतंय का बघायला. आयुष्यभर टेप गळ्यात घालून फिरले मी. आता ती सिस्टरच्या खिशातून बाहेर आली की मी तोंड फिरवते.

आता माझं मागणं ऐका. रक्तस्राव व्हायच्या आधीचे ते साठलेले आकडे तुमच्या कंपनीत आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईबाप मागू शकतात. मी मागितलेत. ते तुम्हीच उघडा. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मला सांगा, त्या यंत्राने किती वेळ आधी ओरडून सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नाही. मला माहीत आहे काय निघणार ते. फक्त तुमच्या हाताने लिहिलेलं हवंय, म्हणजे आयुष्यभर कुणाला शिव्या घालायच्या ते ठरेल.

•

३ मार्च

टेलरबाई,

उशीर झाला. परवानगी मिळायला दिवस गेले, आणि मिळाल्यावर दोन दिवस मी ते उघडू शकले नाही. शेवटी कंपनीतल्या माझ्या साहेबांना शेजारी बसवलं आणि उघडलं. सगळं बघितलं. मग पहिल्यापासून पुन्हा बघितलं, कारण मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय.

काही नाही.

रक्तस्रावाच्या आधी आकडा पडलेला नाही. वरही गेलेला नाही. लोंढा नाही, घसरण नाही. ती सोनोग्राफी झाली त्याच्या आदल्या दिवशीची आकड्यांची रेघ बघ, सगळ्यात शांत. उघड्या गटातलं बाळ असतं तर डॉक्टर स्क्रीनकडे बघून म्हणाले असते, छान चाललंय. सोनोग्राफीनंतर आकडा थोडा खाली आलेला दिसतो, म्हणजे होऊन गेल्यावर.

साहेबांना विचारलं, असं कसं? ते म्हणाले, तुलाच माहीत आहे. आणि मला माहीत होतंच. उजेड कपाळापाशी वरवरच पोहोचतो. त्याचं रक्त फुटलं ते मेंदूच्या पार आत, मधोमध. तिथे माझी पट्टी बघूच शकत नाही. हे मी भाषणात सांगते, चित्र काढून दाखवते. पण गेले अडीच आठवडे मी हेच धरून बसले होते की यंत्राला कळलं होतं आणि आम्ही त्याचं तोंड बांधलं. तो अपराध मला चालला असता गं. माझ्या यंत्राला काही कळलंच नाही, हे मला सोसवत नाहीये.

खोळ असती काय आणि नसती काय. तू जे शिवलंस त्याने त्याचं काहीही वाईट झालं नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही, साहेबांनी कागद जोडलाय.

एक क्षण मनात आलं होतं, लिहावं की हो, आकडा पडला होता. तुला शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं, आणि मीही सुटले असते, कारण मग माझं यंत्र खरं ठरलं असतं. पेन हातात होतं.

आता शेवटचं. तुम्ही अभ्यासातून बाहेर पडलात. त्यामुळे त्याची आत्तापर्यंतची नोंद अभ्यासात मोजायची की पुसून टाकायची, हे डॉक्टर तुम्हाला विचारतील. पुसली तर माझ्या यंत्राचा फायदाच आहे, आकडा शांत असताना रक्तस्राव झाल्याचं एक उदाहरण कमी होईल. म्हणून याबद्दल मी एक शब्दही सुचवणार नाही. तू आणि ढमू ठरवा.

ताई

•

२२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी आधी कधीच चिडले नव्हते. एवढं साठवून ठेवलं होतं मी. कुणाकुणाला काय बोलायचं ते सगळं पाठ झालं होतं. आणि तुम्ही म्हणता, काही नाही. आता हे सगळं कुणाच्या अंगावर टाकू? ढमूने पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला. दवाखान्याच्या जिन्यात, लोक जात-येत होते. म्हणाला, मला वाटत होतं मी 'हो' म्हटलं म्हणून झालं. इतके दिवस हे पोटात ठेवून माणूस काच पुसत होता. मला पत्ता नाही.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही, तुमच्या तोंडावर सांगते. यंत्राला दिसलं नाही, ठीक आहे. ते यंत्रच आहे. पण तुम्हाला दिसत होतं. मी फुशारकी मारत होते, पेशंटांच्या आयांना खोळी वाटत हिंडत होते, आणि तुम्ही लिहिलंत, छान झाली असणार. ते मी इतक्यात विसरणार नाही. पुढे कधीतरी विसरेन, असं वाटतं.

काल त्याला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवला, नळ्यांसकट. डोक्याचा घेर आता वाढतोय तो बेताचाच वाढतोय, पाणी साठत नाहीये, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी त्याच्या तळहातात बोट ठेवलं. उजव्या हाताने घट्ट धरलं. डाव्याने धरलं नाही. पुन्हा ठेवलं. नाही धरलं. बाई म्हणाल्या, अजून लवकर आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. मी मान हलवली. मी तो डावा हात माझ्या मुठीत घेऊन बसले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी नोंदीचं विचारलं. ढमू माझ्याकडे बघायला लागला. तोंडावर आलं होतं, पुसून टाका, आमच्या पोराचं तुम्हाला काय करायचंय? मग मला पलीकडच्या ओळीतली ती तीन उघडी यंत्रं दिसली. त्यातल्या एका बाळाची आई आकड्याकडे बघत बसली होती, जशी मी त्या दिवशी बसले होते. पोराकडे तिचं लक्षच नव्हतं. आकडा चांगला होता. ती हसत होती.

मी म्हटलं, मोजा. झाकलेल्यांत मोजा, आकडा शांत होता हे लिहा, आणि डाव्या हाताचं जे काय होईल तेही लिहा.

तुमच्या यंत्राच्या विरुद्ध जाईल ते. ते तुम्ही सोसा. हे मी सोसतेय.

आता रजा टाका आणि या. तुम्ही येईपर्यंत त्याचं नाव ठेवायचं थांबलोय. लवकर या, तो मला हल्ली ओळखतो, तुम्हालाही त्याने ओळखलेलं मला हवंय.

तुमची भावजय